काव्यांतला अशोक आणि कुंपणावरचा अशोक

संस्कृत काव्यांतील वृक्षांचीं नांवें आपण सहज उच्चारतों. परंतु त्या नांवासरशी जें झाड आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें, तें कवीनें पाहिलेलेंच असतें असें नाहीं. ‘अशोक’ म्हटलें कीं शहरांतील बहुतेकांस कुंपणालगतचा सुळक्यासारखा उंच, हिरवागार वृक्ष आठवतो. हें चित्र मनांत ठेवून ‘मालविकाग्निमित्र’ वाचून पाहावें. पायास दुखापत झालेली धारिणी राणी आपल्याऐवजीं मालविकेस अशोकावर पदाघात करण्यास धाडते, आणि पांच रात्रींत तो फुलला तर तिची इच्छा पुरविण्याचें वचन देते. पुढील सारें सुख त्या फुलण्यावर अवलंबून आहे. कुंपणावरच्या झाडाचीं फिकट हिरवीं फुलें मात्र पानांतच मिसळून जातात. तीं आलीं काय अन् न आलीं काय, राजवाड्यांत कोणाच्या लक्षांतही यावयाचें नाहीं. झाड चुकलें कीं नाटकाचा सांधाच निखळतो.

कवीचा अशोक तो सीतेचा अशोक. तो शेंगा धरणाऱ्या कुळांतला. त्याचें पान संयुक्त, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. कोंवळी पालवी तांबूस व लोंबती. फुलांचे दाट गुच्छ प्रथम नारिंगी, मग तांबडे. फळ म्हणजे चपटी शेंग. दुसरा सीताफळाच्या कुळांतला. त्याचें पान साधें, लांबट, लहरदार कडांचें. फूल सहा पाकळ्यांचें. फळ लांबटगोल, पिकल्यावर जांभळट काळें, आंत एकच बी. एक पान हातीं घेतलें तरी निवाडा होतो.

‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गांत अशोक खोडापासूनच फुलला, असें कालिदास सांगतो. ही निव्वळ अतिशयोक्ति नव्हे. सीतेच्या अशोकास जुन्या फांद्यांवर व खोडावरही फुलें येतात. अद्भुत आहे तें त्याचें अकालीं आणि पदाघातावांचून फुलणें. फुलांची जागा मात्र कवीनें डोळ्यांनीं पाहिलेली आहे.

हा वाद केवळ पंडिती नाहीं. अशोकाची साल आयुर्वेदांत स्त्रीरोगांवर वापरतात, आणि तिच्या नांवाखालीं त्या दुसऱ्या झाडाची सालही विकली जाते. इकडे खरा अशोक रानांतून विरळ होत चालला आहे. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या सूचींत तो धोक्यांतील जातींपैकीं एक आहे. ज्याची ओळखच राहिली नाहीं, त्याच्या जाण्याची हळहळ कोणास वाटणार? म्हणून ‘अशोक : एक वृक्षविशेष’ एवढ्या टीपेवर यापुढें भागवूं नये. पान, फूल आणि फळ यांचें दोन ओळींचें वर्णन संपादकांनीं द्यावें; काव्याचा अर्थही त्यानेंच उजळेल.