हाइनेचा तो, लेर्मोंतोव्हची ती

जर्मन कवी हाइन्रिश हाइनेच्या ‘गाण्यांचं पुस्तक’ या १८२७ च्या संग्रहात आठच ओळींची एक कविता आहे. उत्तरेत, उजाड टेकाडावर बर्फाखाली झोपलेलं एक सूचिपर्णी झाड. त्याच्या स्वप्नात दूर पूर्वेकडे, तापल्या कड्यावर एकटंच झुरणारं ताडाच्या कुळातलं दुसरं झाड. बस्स.

त्या पहिल्या झाडाचं जर्मनमधलं साधं नाव ‘फिख्टे’, आणि ते स्त्रीलिंगी. हाइनेने त्याला ‘बाउम’, म्हणजे झाड, हा पुल्लिंगी शब्द जोडून ‘फिख्टेनबाउम’ घेतलं. ‘पाल्मे’ स्त्रीलिंगी होतीच. झाले ‘तो’ आणि ‘ती’! प्रेम हा शब्द कवितेत कुठेच नाही. ते काम व्याकरणाने केलंय.

रशियनमध्ये हे गणित फसतं. १८४१ मध्ये लेर्मोंतोव्हने ‘सोस्ना’ म्हणजे पाइन घेतलं. तेही स्त्रीलिंगी, ‘पाल्मा’ही स्त्रीलिंगी. त्युत्चेवने देवदारासाठी पुल्लिंगी शब्द वापरून जोडी वाचवली. फेतने थेट ओक उभा केला. व्याकरण जमलं, पण ओकची पानं हिवाळ्यात गळतात; बर्फातही हिरवं राहणारं ते मूळ झाड गेलंच.

भाषाशास्त्रज्ञ श्चेर्बाने १९३६ मध्ये या फरकावर लिहिलं: लेर्मोंतोव्हकडे दुरावलेल्या प्रेयसीची ओढ उरत नाही, दूरच्या सुंदर कशाचं तरी स्वप्न उरतं. हे पटतं. पण म्हणून लेर्मोंतोव्ह हरला असं मला वाटत नाही. त्याची सोस्ना डुलत डुलत पेंगते, बर्फ तिच्या अंगावर झग्यासारखा आहे. हाइनेच्या ‘तो’ला निदान कोण हवंय ते ठाऊक आहे, हिच्या एकटेपणाला तेवढंही नाव नाही. आजचा वाचक इथे दोन स्त्रियांमधली ओढही वाचेल. लेर्मोंतोव्हच्या मनात ते होतं असं म्हणायला आधार नाही, पण शब्द अडवत नाहीत.

मराठीत उलटी पंचाईत. देवदार ‘तो’, ताड ‘तो’, माडही ‘तो’. पोफळ ‘ती’ आहे, सडपातळही आहे, पण ती कोकणातल्या बागेत सावलीत, पाटाच्या पाण्यावर वाढणारी. तापल्या कातळावर तिला कसं उभं करणार? राहिली शिंदी. खजुराच्याच जातीची, अस्सल स्त्रीलिंगी. फक्त नाव काढलं की निम्म्या वाचकांना मडकं आणि गुत्ता आठवणार. तरी मी शिंदीच घेईन. कुणी न लावता, कोरड्या रानात ती एकटी उभी असते.