आद्य मेघ आणि सहा दिवस

"शास्त्रज्ञांची मते बदलतात, वचन बदलत नाही," हा युक्तिवाद आपल्या प्रवचनांत, तिगाव-पांढुर्ण्याकडेही, सर्रास ऐकू येतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मते बदलली हे खरे. कांट (१७५५) व लाप्लास (१७९६) यांनी फिरत्या वायुमेघातून सूर्यमाला कल्पिली. परंतु नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यापाशी असता कोनीय संवेग बहुतांशी ग्रहांपाशी कसा, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. म्हणून जीन्स यांनी जवळून गेलेल्या ताऱ्याने सूर्यातून द्रव्य ओढल्याचे मांडले. असे तप्त द्रव्य गोठण्याऐवजी विखुरून जाईल, हे स्पिट्झर यांनी १९३९ मध्ये गणिताने दाखविले. आज सुधारलेला मेघसिद्धांतच मान्य आहे. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्कापाषाणातील कण सुमारे ४५६.७ कोटी वर्षांचे ठरले आहेत. पुराव्यापुढे मत सोडणे यास आपण चंचलपणा म्हणावे काय? (आपल्या प्रवचनांना तेवढी शिस्त असती तर!)

सहा दिवस म्हणजे सहा भूयुगे, ही तडजोडही टिकत नाही. उत्पत्तीत वनस्पती तिसऱ्या दिवशी व सूर्य चौथ्या दिवशी येतो. पवित्र लेखकास आकाशातील ज्योतींचे देवत्व नाकारावयाचे होते. त्यांचे वय हा त्याचा विषयच नव्हे.

सौंसरच्या मँगनीज खाणीत ज्याचा बाप राबतो, तो मुलगा शाळेत खडकांचे वय शिकून येतो. त्याच्यापुढे आपण खडकांविषयी चुकीचे बोललो, तर मृतांच्या पुनरुत्थानाविषयी तो आपले का ऐकेल? संत ऑगस्टीनने उत्पत्तीवरील आपल्या भाष्यात ख्रिस्ती उपदेशकांना नेमके हेच विचारले होते.