लग्नाच्या फोटोत जोडपं कुठे आहे?

मेणवलीचा घाट, पवनेचा किनारा, वाऱ्यावर सोडलेला लांबलचक झगा, वरून घिरट्या घालणारा ड्रोन. प्री-वेडिंगचे चार अल्बम ओळीने चाळले की जोडपी बदलतात, फोटो तेच राहतात. तंत्रात खोट काढायला जागा नसते. पण त्याच चौकटीत दुसरं जोडपं उभं केलं तरी काही बिघडत नसेल, तर तो घाटाचा फोटो झाला, त्या दोघांचा नव्हे.

जुन्या स्टुडिओंत याशिकाच्या कॅमेऱ्यात १२० च्या एका रोलवर चौकोनी बाराच फोटो निघत. त्यामुळे फोटोग्राफर हनुवटी धरून मान वळवायचा. नवरा-नवरी ताठ बसत, पण ते अवघडलेपण निदान त्यांचं स्वतःचं असे.

पुढे कॅन्डिडचं वारं आलं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या कंबरलँड बेटावर जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आणि कॅरोलिन बेसेट लग्न लावून चॅपेलबाहेर पडले, त्याने तिचा हात ओठांशी नेला आणि डेनिस रेगी यांनी तो क्षण टिपला. कुणी कुणाला उभं केलं नव्हतं. आपल्याकडे मात्र ‘तुमचं लक्षच नाहीये असं दाखवा’ अशी सूचना देऊन कॅन्डिड काढतात!

खरी परीक्षा असते ती अंतरपाट दूर होतानाची. मंगलाष्टकं संपतात, अक्षता उडतात, हार पडतात, सगळं काही क्षणांत. वधूवर समोरासमोर, म्हणजे दोन्ही चेहरे समोरून मिळणं अशक्य. बाजूने जावं तर मुंडावळ्या गालावर येतात, फेट्याची सावली डोळ्यांत उतरते आणि कार्यालयातले जांभळे दिवे चेहऱ्याचा रंगच मारून टाकतात. (मध्येच व्हिडिओवाल्याची पाठ येते, ती वेगळीच.) शटर १/५०० वर ठेवलं तर अक्षता हवेत थबकतात, १/६० वर त्यांच्या रेघा होतात. दोन्ही चालेल. पण कुणाचा चेहरा घ्यायचा हे अंतरपाट धरलेला असतानाच ठरवावं लागतं. जाणता फोटोग्राफर एकच चेहरा निवडतो आणि दुसऱ्याचा नुसता खांदा ठेवतो. त्या खांद्याकडे निवडलेला चेहरा कसा पाहतो, यातच दोघंही येतात. दोघांनाही सारखा न्याय द्यायला गेलेले फोटो बहुधा कुणाचेच होत नाहीत.

इतकं साधल्यावरही काम बिघडतं ते संगणकावर. हळदीची झाक, कपाळावरचा घाम, रडून सुजलेल्या पापण्या पुसल्या जातात आणि उरते ती दागिन्यांच्या जाहिरातीतली नवरी. याउलट महेश शांताराम यांची ‘मॅट्रिमेनिया’ ही छायाचित्रमालिका पाहावी. लग्नाच्या थाटातली विसंगती ते झाकत नाहीत, तिच्यातूनच चित्र उभं करतात. प्रत्येक घराला असा अल्बम आवडेल असं नाही, पण कल्पकता म्हणतात ती ही.

तेव्हा फोटोग्राफर ठरवताना निवडक वीस फोटोंवर भाळू नका. एखाद्या लग्नाचा अख्खा अल्बम मागा आणि त्यात नवरीची आजी कुठे सापडते का, तेवढं बघा.