रुळांवाचून लोहमार्ग

गेल्या काही वर्षांत सायकलीचा एक नवा अवतार आणि त्याच्या पाठोपाठ प्रवासवर्णनाचा एक नवा प्रकार जन्मास आला आहे. सायकलीस 'ग्रॅव्हल बाईक' म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारख्या वाकड्या मुठी, पण टायर चांगले दीड इंच किंवा त्याहूनही रुंद. म्हणजे डांबरी सडक सोडून खडीच्या वाटेने जाण्यास सोयीची. या सायकलीचे भक्त ज्या वाटा धुंडाळीत असतात, त्यांत मोठ्या शहरांजवळच्या बंद पडलेल्या लोहमार्गांना विशेष मान आहे. रूळ व स्लीपर उचलून नेल्यावर उरलेल्या भरावावर बारीक खडी पसरली की वाट तयार. या वाटांवरचे जे लेखन आमच्या वाचनात येते, त्यात 'साहस', 'रानवाट', 'निसर्गाची कूस' हे शब्द पानोपानी आढळतात. आमचा आक्षेप या शब्दांवर आहे. बंद लोहमार्ग ही रानवाट खचित नव्हे. डोंगराशी माणसाने घातलेल्या वादाचा तो लेखी निकाल आहे, आणि तो न वाचता त्यावरून नुसते धावत जाणे म्हणजे ग्रंथ हाती घेऊन त्याच्या कागदाची स्तुती करण्यासारखे होय.

उदाहरणादाखल इंग्लंडातील डर्बीशायरची 'मॉन्सल ट्रेल' घेऊ. शेफील्ड शहरापासून बेकवेल हे गाव पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे. तेथून वाय नदीच्या खोऱ्याने बक्स्टनच्या दिशेने ही वाट सुमारे साडेआठ मैल जाते. मिडलँड रेल्वेने हा मार्ग 1863 साली खुला केला, पुढे तो मँचेस्टरकडे नेला, आणि 1968 साली तो बंद झाला. 1981 साली त्याची पायवाट झाली. परंतु वाटेतील मोठे बोगदे बंद असल्याकारणाने सायकलस्वारास सलग जाता येत नसे. 2011 च्या मे महिन्यात चार बोगदे दिवे लावून उघडण्यात आले, तेव्हापासून ही वाट सलग झाली.

गतवर्षी आम्ही भाड्याची सायकल घेऊन या वाटेने गेलो. बेकवेलहून निघाले की वाट चढू लागते, पण चढते आहे हे डोळ्यांस कळत नाही, मांड्यांस मात्र हळूहळू कळते. वाफेच्या इंजिनास शंभरास एकाहून फार अधिक चढ सोसत नसे, म्हणून जेथे डोंगर आडवा आला तेथे तो फोडला आणि जेथे दरी आली तेथे भराव अथवा पूल घातला. ही सारी मेहनत आज आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या, दम लागणाऱ्या माणसाच्या पदरात आयती पडते. यात साहस कसले? साहस ज्यांनी केले ते सुरुंग लावणारे मजूर, आणि त्यांची नावे या वाटेवर आम्हास कोठे आढळली नाहीत.

हेडस्टोनचा बोगदा सुमारे पाचशे मीटर लांबीचा आहे. त्यातून बाहेर पडताच पायांखाली पाच कमानींचा पूल आणि त्याखाली वळण घेणारी वाय नदी एकदम दृष्टीस पडते. हा पूल येथील सृष्टिशोभेचा अलंकार मानला जातो आणि 1970 पासून कायद्याने संरक्षित आहे. मौज अशी की हाच मार्ग जॉन रस्किन याच्या डोळ्यांत सलत होता. या खोऱ्यात एके काळी देवांचा वावर होता असे म्हणून त्याने 1871 साली रेल्वेवर कडाडून टीका केली. या उद्योगाने साधले काय, तर बक्स्टनचा मनुष्य अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलचा बक्स्टनला, असा त्याचा सवाल होता. त्या मनुष्यास त्याने 'मूर्ख' म्हटले आहे.

आमच्या वाचकांस रस्किन परका नाही. त्याच्या 'अनटू धिस लास्ट' या पुस्तकाने 1904 साली गांधीजींचे जीवित पालटले, आणि पुढे 1909 साली त्यांनी 'हिंद स्वराज्य'मध्ये रेल्वेवर कोरडे ओढले. (ते पुस्तक गांधीजींनी वाचले तेही जोहान्सबर्गहून दरबानला जाणाऱ्या आगगाडीतच, ही गोष्ट आमचे विद्यार्थी नेहमी हसत हसत आठवणीने सांगतात.) आता हा पूल पाहून प्रवासी म्हणतात, रस्किन चुकला, काळाने त्यास खोटे पाडले. आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे त्याची बाजू मांडीत आलो, म्हणून हा निकाल तपासून पाहणे आम्हास भाग आहे.

काळाने त्यास खोटे पाडले हे आम्हास मान्य नाही. त्याचा मुख्य राग वेगावर होता. आज त्या पुलावर वेगही नाही आणि धूरही नाही. मनुष्य पावलांच्या अथवा पायडलांच्या गतीने जातो, थांबतो, कठड्याशी उभा राहून नदी पाहतो. रस्किनला जे हवे होते नेमके तेच. लोहमार्गातून आगगाडी वजा केल्यावर जर तो सुंदर ठरत असेल, तर तो विजय लोहमार्गाचा मानावा की रस्किनचा? पुलाची आजची स्तुती रस्किनच्याच कसोटीने केली जाते, आणि स्तुती करणारांस त्याचा पत्ताही नसतो.

तथापि रस्किन एका ठिकाणी खरोखरच चुकला, आणि ते ठिकाण पुलापासून फार दूर नाही. वाटेने आणखी वर गेले की नदीकाठी क्रेसब्रुक आणि लिटन या दोन सूतगिरण्या लागतात. दोन्ही अठराव्या शतकात, म्हणजे आगगाडीच्या कितीतरी आधी, याच नदीच्या पाण्यावर उभ्या राहिल्या. लिटनच्या गिरणीत अनाथ मुलांना उमेदवारीच्या नावाखाली राबवीत. रॉबर्ट ब्लिंको हा लंडनच्या अनाथालयातून गिरणीत पाठविलेला मुलगा होता. लिटन येथे त्याने सोसलेल्या छळाची हकीकत 1832 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. रस्किनच्या लेखणीने गिरणीमालकांची कधी गय केली नाही, हे आम्ही जाणतो. परंतु या खोऱ्याचे चित्र रंगविताना त्याने देव तेवढे पाहिले. पहाटेच्या अंधारात गिरणीकडे हाकली जाणारी मुले त्या चित्रात नाहीत. आगगाडी येण्यापूर्वी हे खोरे निष्पाप होते ही कल्पना त्याची, आणि आगगाडी गेल्यावर ते पुन्हा निष्पाप झाले ही कल्पना आजच्या सायकलस्वार लेखकांची. दोन्ही एकाच साच्यातल्या आहेत.

वाट वाचू जाता तिच्यात आणखीही पुष्कळ सापडते. हॅसॉप हे स्टेशन त्या नावाच्या खेड्यापासून दूर आहे, कारण ते खेडुतांसाठी नसून डेव्हनशरच्या ड्यूकच्या सोयीसाठी होते. बेकवेलच्या स्टेशनावर रटलंडच्या ड्यूकचे कुलचिन्ह कोरलेले आहे. आणि बेकवेलच्या दक्षिणेस त्याच ड्यूकच्या हॅडन येथील वाड्यामागून जाताना मार्ग जमिनीखाली दडविला आहे, तो वाड्यातून आगगाडी दिसू नये म्हणून. बडे लोक सौंदर्याची काळजी घेत ती अशी.

जवळच्याच 'हाय पीक ट्रेल'विषयी थोडक्यात सांगतो. तो 1831 साली पुरा झालेला मार्ग कालव्याच्या बुद्धीने बांधलेला आहे. मैलच्या मैल सपाटी, मग एकदम आठास एक असा उतार. कालव्यावर जेथे दारे असती तेथे येथे वाफेची स्थिर इंजिने दोरखंडाने वाघिणी ओढीत. मिडलटन येथील 1829 चे इंजिन अद्याप जाग्यावर आहे. तो चढ आम्ही सायकल हातात धरून चढलो, हे कबूल करतो.

मराठी वाचकास अधिक जवळची गोष्ट शेजारच्या स्टॅफर्डशायरात आहे. मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातील अडीच फुटी रेल्वे 1904 साली सुरू झाली. तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा आपली बार्शी लाइट रेल्वे 1897 साली उभारून तिकडे गेलेला. रुळांचे माप बार्शीचे, इंजिनांचा घाट बार्शीच्या वळणाचा, डब्यांना टोकाशी हिंदुस्थानी पद्धतीचे सज्जे. ती रेल्वे प्रामुख्याने दुधावर जगली, 1934 साली मेली, आणि 1937 सालीच तिची पायवाट झाली. त्या देशातील अशा अगदी पहिल्या वाटांपैकी ही एक. तिची थोरली बहीण मात्र पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली, वारकऱ्यांनी गच्च भरून धावली, आणि या शतकाच्या आरंभी रुंदमापी होऊन अद्याप धावते. आपल्याकडे बार्शीच्या मार्गावर सायकली फिरवाव्यात असे कोणाच्या मनात येणार नाही, कारण तेथे गाडीची गरज संपलेली नाही.

मॉन्सलच्या बाबतीत तरी ती संपली आहे काय? हा मार्ग पुन्हा रेल्वेस द्यावा अशी मागणी तिकडे वेळोवेळी होते, आणि वाटेचे प्रेमी तिला विरोध करतात. आम्ही त्या पुलावर अर्धा तास उभे होतो आणि त्यांचे म्हणणे आम्हास पुरते समजते. तरीही रस्किनने ज्याला मूर्ख म्हटले तो बक्स्टनचा मनुष्य आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो बेकवेलला बाजारास जात असेल, कामावर जात असेल, म्हाताऱ्या आईस भेटावयास जात असेल. तिच्या गुडघ्यांना सायकल झेपणारी नव्हे. आमचे मत कोणी विचारले तर ते रेल्वेच्या बाजूने पडेल, आणि ते देताना आम्हास वाईट वाटेल. परतताना हॅसॉपच्या स्टेशनावर थांबलो. तेथे आता उपाहारगृह आहे. जेथे उतारू गाडीची वाट पाहत असत, तेथे आम्ही चहा येण्याची वाट पाहत बसलो.