भावी मराठी शिक्षकाची पदवीपातळीवरील सिद्धता : एक चिकित्सा

शाळेत मराठी शिकविण्याचा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीच्या काळात कोणती सिद्धता करावी, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राच्या कक्षेतील आहे. भाषाविभागाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य नेमके याच्या उलट आहे. पदवीच्या अभ्यासक्रमातून हा विद्यार्थी मराठी साहित्य जाणून बाहेर पडतो आणि शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात तो अध्यापनाच्या पद्धती शिकतो. परंतु जी वस्तू त्याला शिकवावयाची आहे ती मराठी भाषा, तिची ध्वनिव्यवस्था, तिची रूपे आणि तिचे बोलीभेद यांचे ज्ञान देणे या दोन्ही ठिकाणी मुख्य कर्तव्य मानले जात नाही. एक संस्था ते शाळेत झाले असेल असे गृहीत धरते, तर दुसरी ते पदवीत झाले असेल असे मानते. या दोन गृहीतांच्या मधल्या जागेत आपला भावी शिक्षक उभा असतो.

ही स्थिती प्रथमपासूनची नाही. मराठीच्या आधुनिक व्याकरणलेखनाचा आरंभ आणि शिक्षक तयार करण्याचा आरंभ या दोन गोष्टी एकाच पिढीने केल्या. बाळशास्त्री जांभेकर हे मुलांसाठी व्याकरण लिहिणारे, आणि १८४५ मध्ये मुंबईतील अध्यापकवर्गाचे संचालकही तेच. १८३६ मध्ये ज्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीही शिक्षक घडविण्याचे काम केले. पुढे दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा करणारे निबंध कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी लिहिले ते शालापत्रकात, म्हणजे शिक्षकांसाठी चालविलेल्या मासिकात. आणि ते स्वतः पुण्याच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते. मराठीत विभक्ती किती मानाव्यात, प्रयोगांची व्यवस्था कशी लावावी, हे वाद त्या काळी शिक्षकांच्या देखत झाले. व्याकरण ही पाठ करण्याची नव्हे तर विचार करण्याची वस्तू आहे, हे त्या शिक्षकांस वेगळे सांगावे लागले नसावे.

आजच्या व्यवस्थेकडे पाहिले असता निराळे चित्र दिसते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा केला आणि त्यात वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवाची तरतूद केली. ही सुधारणा स्वागतार्हच होय. तथापि वाढलेल्या काळाचा लाभ मुख्यतः अनुभवास व पद्धतीस मिळाला. विषयज्ञान पदवीवरच सोपविलेले राहिले. शिक्षक पात्रता परीक्षेची रचना तर अधिक बोलकी आहे. सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी असलेली दुसरी प्रश्नपत्रिका १५० गुणांची. तीत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र यांस ३०, पहिल्या भाषेस ३० व दुसऱ्या भाषेस ३० गुण आहेत. उरलेले ६० गुण गणित व विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांस आहेत. ज्यास मराठी शिकवावयाचे आहे त्यासही या दोहोंपैकी एक गट घ्यावाच लागतो. सारांश, भावी मराठी शिक्षकाची स्वतःच्या विषयातील परीक्षा एकपंचमांश गुणांची, आणि दुसऱ्याच्या विषयातील परीक्षा तिच्या दुप्पट. आपली व्यवस्था भाषेला ‘सर्वांस येणारी गोष्ट’ मानते, शास्त्र मानीत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

भाषा सर्वांस येते हे खरे. परंतु येणे आणि जाणणे यांत अंतर आहे, आणि शिक्षकास या अंतराची जाणीव वर्गातील पहिल्याच प्रश्नाला होते. तीन उदाहरणे घेऊन हा मुद्दा स्पष्ट करता येईल.

पहिले उदाहरण प्रयोगाचे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. कर्ता तृतीयेत आहे आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, हे विद्यार्थ्यास समजते. लगेच ‘मी आंबा खाल्ला’ हे वाक्य येते. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, फळ खाल्ले, अशी क्रियापदाची रूपे कर्माप्रमाणेच बदलतात. तेव्हा प्रयोग कर्मणीच. मग ‘मी’ला ‘ने’ प्रत्यय का नाही, असे एखादा चौकस मुलगा विचारतो. ‘तो अपवाद आहे’ हे नेहमीचे उत्तर. वस्तुतः येथे अपवाद नसून इतिहास आहे. जुन्या मराठीत प्रथमेचे रूप ‘मी’ आणि तृतीयेचे ‘म्यां’ अशी दोन निराळी रूपे होती, तशीच द्वितीय पुरुषी ‘तू’ आणि ‘त्वां’ ही होती. प्रमाणभाषेत पुढे एकाच रूपाने दोन्ही कामे पत्करली. परंतु महाराष्ट्राच्या अनेक खेड्यांत ‘म्या आंबा खाल्ला’ असे आजही बोलतात. ज्या मुलाच्या तोंडी हे रूप येते, त्याचे वाक्य आपला शिक्षक तांबड्या शाईने खोडतो. म्हणजे वर्गास पडलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्या एका मुलाच्या बोलण्यात आहे, नेमका तोच मुलगा अशुद्ध ठरतो. हा दोष शिक्षकाच्या वृत्तीचा नव्हे, त्याच्या अज्ञानाचा आहे. आणि त्या अज्ञानाचे दायित्व ज्या विभागांनी त्यास पदवी दिली त्यांच्याकडे जाते.

दुसरे उदाहरण शुद्धलेखनाचे. १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, असे अठरा नियम शिक्षकास ठाऊक असतात. ते तसे का आहेत हे त्यास सहसा सांगितलेले नसते. ‘फूल’ दीर्घ आणि ‘गुण’ ह्रस्व. परंतु हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत : दोहोंतील उकार सारखाच लांब ऐकू येतो. मराठीत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घपणा बहुतांशी शब्दातील स्थानावरून ठरतो, आणि म्हणूनच ‘फुलाला’ म्हणताना तोच उकार आपोआप आखूड होतो. ‘फूल–फुलाला’ हे लेखन कानाला धरून आहे. ‘गुण’ हे लेखन शब्दाच्या संस्कृत कुळाला धरून आहे. तेव्हा ‘गूण’ लिहिणाऱ्या मुलाचा कान चुकलेला नसतो. शब्द तत्सम आहे एवढेच त्यास माहीत नसते. ‘नीट ऐकून लिही’ असा उपदेश त्याला करणे म्हणजे पुन्हा तीच चूक करावयास सांगणे होय. त्याला शब्दांचे कूळ ओळखावयास शिकविले पाहिजे, आणि ते शिकविण्यासाठी शिक्षकास हा भेद आधी स्वतःस उमगलेला असावा लागतो.

तिसरे उदाहरण विभक्तीचे. संस्कृतच्या धर्तीवर आठ विभक्तींचा तक्ता आपण शाळेत पाठ करतो. ‘रामाला बोलाव’ येथे द्वितीया आणि ‘रामाला पुस्तक दे’ येथे चतुर्थी, हा भेद रूपाचा नसून अर्थाचा आहे, प्रत्यय एकच. याविषयी मतभेद असू शकतात, आणि अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ च्या ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या पुस्तकात रूढ चौकटीची फेरतपासणी केली ती अशा अडचणींमुळेच. परंतु वर्गातील अडचण याहून निराळी असते. ज्याची घरची भाषा गोंडी, कोरकू किंवा भिली आहे असा मुलगा ‘पाणीला’, ‘शाळाला’ असे म्हणतो, तेव्हा त्याला प्रत्यय चांगला येत असतो. येत नसते ते सामान्यरूप. ‘पाणी’चे ‘पाण्या-’ आणि ‘शाळा’चे ‘शाळे-’ होणे हे मराठी नामाचे मर्म आहे. आठ विभक्तींचा तक्ता शंभर वेळा म्हणवून घेतला तरी ही चूक जाणार नाही, कारण चूक तक्त्याच्या रकान्यात नाहीच. निदान न करता केलेल्या उपचाराचे जे होते, तेच येथे होते.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मराठीचा शिक्षक हा प्रथम रसिक असावा. ध्वनी आणि रूपे यांच्या चिकित्सेत त्याची रसिकता कोमेजेल. रसिकतेचे मोल कोणीच अमान्य करणार नाही. परंतु ज्याला मुलाच्या स्वतःच्या वाक्यातील रचना ऐकू येत नाही, त्याला कवितेतील रचना कितपत ऐकू येईल, हा प्रश्न रसिकांनी स्वतःस विचारावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक बोलीरूपास आधार आहे असे सांगितल्यावर प्रमाणभाषा शिकवावयाची कशी? येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रमाणभाषा शिकविलीच पाहिजे. परीक्षा, कार्यालय आणि न्यायालय यांची दारे तिनेच उघडतात, आणि ज्या मुलास घरी ती ऐकावयास मिळत नाही त्यालाच शाळेची गरज सर्वाधिक असते. परंतु ‘तुझे चुकले’ असे म्हणून एक रूप शिकविणे आणि ‘घरी हे, लेखनात ते’ असे म्हणून दुसरे रूप शिकविणे, यांत मुलाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. पहिल्या रीतीत तो गप्प राहावयास शिकतो; दुसऱ्या रीतीत त्याच्यापाशी दोन रूपे होतात. दुसरी रीत अवलंबिण्यासाठी सद्भाव पुरेसा नाही. ती दोन्ही रूपे व त्यांतील संबंध शिक्षकास माहीत असावा लागतो.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये असे दाखविले की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाची सर्वसाधारण हातोटी यांखेरीज शिक्षकापाशी तिसऱ्या प्रकारचे ज्ञान असावे लागते : आपला विषय शिकताना मुले नेमकी कोठे अडतात आणि का अडतात याचे. वरील तिन्ही उदाहरणे या तिसऱ्या ज्ञानाचीच आहेत. ते शिक्षणशास्त्राच्या सामान्य तत्त्वांतून निष्पन्न होत नाही. ते विषयाच्या अंतरंगातूनच यावे लागते.

मग पदवीच्या विद्यार्थ्याने काय करावे? अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता त्यास पुष्कळ करता येईल. पहिल्या वर्षी त्याने स्वतःचे आणि घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे टिपून घ्यावे आणि ते लेखनाहून कोठे वेगळे पडते याची नोंद ठेवावी. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी आणि जगण्याच्या आज्ञार्थी आपण दोन निराळ्या ‘ज’कारांनी उच्चारतो, हे ज्याच्या ध्यानी आले त्याच्या अभ्यासास आरंभ झाला असे समजावे. दुसऱ्या वर्षी मोरो केशव दामले यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आणि मंगरूळकरांचा पुनर्विचार ही दोन्ही पुस्तके समोरासमोर ठेवून वाचावीत. एका प्रश्नाची दोन उत्तरे पाहिल्याखेरीज व्याकरण पाठांतरातून सुटत नाही. तिसऱ्या वर्षी जवळच्या शाळेतील एका वर्गाच्या वह्या, शिक्षकांच्या संमतीने, काही महिने पाहाव्यात आणि चुकांचे वर्गीकरण करावे : कोणती उच्चारातून आली, कोणती घरच्या भाषेतून, कोणती नियमाच्या अतिरेकी वापरातून, आणि कोणती केवळ अनवधानाने झाली. असे एक टिपण तयार करणाऱ्यास वर्गात पाय ठेवताना पाठटाचणापेक्षा अधिक भक्कम आधार मिळेल.

विभागांचे कर्तव्य याहून मोठे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्म बी.एड. ही शिक्षकाची किमान अर्हता ठरविण्याचे उद्दिष्ट मांडले, आणि २०२३-२४ पासून हा कार्यक्रम निवडक संस्थांत प्रायोगिक रीत्या सुरू झाला. कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे स्थापन झालेल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी एकात्म अभ्यासक्रमाची वाट पूर्वीच चोखाळली होती. एकात्मता याचा अर्थ दोन अभ्यासक्रम एकाच वेळापत्रकात बसविणे एवढाच झाला, तर मधली जागा पूर्वीइतकीच रिकामी राहील. शालेय मराठीची रचना, तिच्या बोली आणि मुलांच्या भाषिक अडचणी यांवरील किमान दोन पत्रिका भाषाविभागाने स्वतः आखून स्वतः शिकविल्या, तरच त्या चार वर्षांस अर्थ येईल.

हे काम संशोधनाच्या प्रतिष्ठेस साजेसे नाही, असे मानण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे. परंतु पदव्युत्तर वर्गात आपण ज्या बोलींवर प्रबंध लिहवून घेतो, त्याच बोली बोलणारी मुले आपल्याच पदवीधरांपुढे बसून अशुद्ध ठरत असतील, तर त्या प्रबंधांतील ज्ञान अद्याप मराठीच्या उपयोगी पडलेले नाही, असेच म्हणावे लागेल.