नॅरोगेज संगणक

बँकेत वीस-बावीस वर्षं कारकुनी केली की माणसाला दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे नोटांकडे न बघता नोटा मोजणं, आणि दुसरी म्हणजे कोणी न विचारता सल्ला देणं. पहिल्या कामाला मशीन आलं. दुसऱ्याला अजून आलेलं नाही, म्हणून माझी नोकरी टिकून आहे असा माझा एक समज आहे.

तेव्हा आमच्या उमरेड शाखेतले शिपाईमामा परवा पासबुक पुढे करून म्हणाले, "साहेब, आर.डी. भरली जी. पोरीले कम्पूटर घेऊन द्याचा हाय. कोनता घेऊ, तुमी सांगा," तेव्हा मी पेनला टोपण लावलं. काउंटरपुढे सात माणसं उभी होती. पण पैसे मागणारी माणसं रोजच येतात. सल्ला मागणारा वर्षातून एखादाच.

ती आर.डी. मीच उघडून दिली होती. महिना सातशे, मुदत दोन वर्षं. व्याज धरून अठरा हजाराच्या किंचित अलीकडे रक्कम येत होती. पोरीला नागपूरला बी.कॉम.ला प्रवेश मिळालेला, राहायला हॉस्टेल. बी.कॉम. म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. मीही बी.कॉम. आहे. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी झालो. ती विचार करून होत होती, एवढाच काय तो फरक.

मामांनी पेपरातली जाहिरात आणली होती. लॅपटॉप छोटासा, साडेअकरा इंची पडद्याचा, वजन एक किलोच्या आत आणि किंमत बरोब्बर आर.डी.त बसणारी. मी जाहिरातीची घडी घातली आणि म्हणालो, "मामा, हे सोडून काहीही घ्या."

याला कारण होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी.

२०१० साली आमचा नववा द्विपक्षीय करार झाला आणि बँकवाल्यांच्या हातात थकबाकी पडली. थकबाकीचा पैसा म्हणजे सासऱ्याने दिलेलं घड्याळ. आपल्या कमाईचं आहे असं वाटतच नाही. मी तडक सीताबर्डीवर जाऊन एक नेटबुक घेतलं. त्या वेळी नेटबुकांची साथ आली होती. २००७ साली तैवानच्या असूस कंपनीने 'ई पीसी' नावाचं सात इंची पडद्याचं, किलोभरही न भरणारं यंत्र काढलं आणि बघता बघता सगळ्याच कंपन्यांनी आपापली पिल्लं बाजारात सोडली. मी घेतलेलं पिल्लू कोणाचं ते सांगत नाही. पिल्लाचा काही दोष नव्हता, अपेक्षा माझ्या होत्या.

मी तेव्हा इतवारीहून उमरेडला आमच्या नॅरोगेजने येत-जात असे. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी इतकी सावकाश चाले, की जाता-येता तास-दोन तासांचं एकेक विनोदी पुस्तक सहज लिहून होईल असा माझा हिशेब होता. पहिल्याच दिवशी मी मांडीवर यंत्र उघडलं. गाडी डोलत होती आणि कळा शेंगदाण्याएवढ्या. माझं एक बोट एका वेळी तीन अक्षरं उमटवी. एवढ्यात शेजारचे गृहस्थ म्हणाले, "सिनेमा लावा ना भाऊ." मी म्हटलं, यात सीडी घालायची सोय नाही. ते यंत्राकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने बघू लागले, तशी नजर मी फक्त खोटी नोट ओळखलेल्या कॅशियरच्या डोळ्यांत पाहिली आहे.

घरी आल्यावर त्यावर एक्सेल उघडलं. पडद्यावर 'ए' पासून 'एफ' पर्यंत रकाने दिसायचे. माझ्या जमाखर्चात डेबिट 'ई'मध्ये आणि क्रेडिट 'जी'मध्ये. म्हणजे घरात पैसा जातोय तेवढा दिसे, येतोय तो दिसत नसे. सौभाग्यवतींचं म्हणणं पडलं, की यंत्र चोख आहे.

त्या पिढीच्या नेटबुकांचा आणखी एक गमतीचा प्रकार सांगतो. २००९ साली विंडोज सेव्हन आली. तिची 'स्टार्टर' नावाची स्वस्त आवृत्ती बऱ्याच नेटबुकांत असे, आणि तिच्यात पडद्यामागचं चित्र बदलता येत नसे. पैसे मोजून घर घेतलं तरी भिंतीला खिळा ठोकायचा नाही! एवढा कडक घरमालक मी महालातसुद्धा पाहिला नाही. पुढे २०१० मध्ये आयपॅड आला, मग मोठाले फोन आले, आणि तीन-चार वर्षांत नेटबुकांची साथ ओसरली. माझं नेटबुक माळ्यावर गेलं. तिथे ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून आजही उत्तम चालतं.

हे सगळं मी मामांना सांगितलं. रांगेतल्या सात माणसांनीही ऐकलं. मग अंगात वारं शिरलं आणि मी इतिहासात घुसलो.

म्हटलं मामा, 'उचलून न्यायचा' म्हणून विकला गेलेला पहिला गाजलेला संगणक १९८१ सालचा, ऑस्बोर्न नावाचा. वजन अकरा किलो आणि पडदा पाच इंची. म्हणजे शिलाई मशीन उचलून न्यायची आणि टाका काडेपेटीवर घालायचा! तो काढणारे अॅडम ऑस्बोर्न लहानपणी तिरुवन्नमलैला, रमण महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत वाढले होते. ती वैराग्याची शिकवण कामी आली असावी, कारण नवीन मॉडेल येतंय असं आधीच जाहीर केल्याने जुनं कोणी घेईना आणि दोन-अडीच वर्षांत कंपनी बुडाली. मग आपल्याकडे बंगळूरच्या प्राध्यापकांनी सिंप्युटर काढला. गावात चौघांनी मिळून एक यंत्र वापरायचं आणि आपापलं कार्ड घालायचं, म्हणजे जॉइंट अकाउंटच. कल्पना इतकी चांगली, की २००४ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा फार कोणी घेतलं नाही. आणि २०११ साली दिल्लीत थाटामाटाने 'आकाश' आला. सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा, विद्यार्थ्यांसाठी. त्याचा पडदा असा, की बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. अंगठा उठवणाऱ्या खातेदारांसाठी ठीक, पण विद्यार्थ्यांनी दाबायचं तरी किती?

"मंग काय करू?" मामा म्हणाले.

मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि दोन बाजू केल्या. बी.कॉम. माणूस याहून वेगळा विचार करूच शकत नाही. जमेला लिहिलं: वजन कमी, किंमत कमी, बॅटरी बरी, पंखा नसल्याने आवाज नाही. नावेला लिहिलं: पडदा लहान, कळा लहान, वेग बेताचा. मेमरी आत डाख देऊन बसवलेली, म्हणून पुढे वाढवता येत नाही. जागा इतकी थोडी, की यंत्राला स्वतःचंच नवं अपडेट मावत नाही. बिघडलं तर दुरुस्तीवाला म्हणतो, खोलण्यापेक्षा नवीन घ्या. शिवाय काही स्वस्त यंत्रांत विंडोज नसतं, मग टॅली चालत नाही, आणि टॅलीशिवाय बी.कॉम. म्हणजे शिक्क्याशिवाय चेक. नावेची बाजू पानाखाली गेली. निकाल उघड होता. आणखी एक वर्ष आर.डी. चालवा, वर थोडं कर्ज घ्या, चाळीस हजारांचा दणदणीत लॅपटॉप घ्या. मी कर्जाचा फॉर्मसुद्धा काढला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामांची पोर तो कागद घेऊन आली. तिला मी ओळखत होतो. २०२०-२१ मध्ये शाळा बंद असताना तिचे वर्ग फोनवर भरायचे आणि घरातला एकुलता एक फोन मामांच्या खिशात. बँका तेव्हाही चालू. मग दुपारी ती शाखेच्या पायरीवर येऊन बसे, मामा फोन देत, आणि अर्ध्या तासात ती सकाळची आठवी उरकून घेई. त्या दिवसांत तिचं सबंध शिक्षण आमच्या जेवणाच्या सुट्टीएवढं होतं.

"काका, तुम्ही टेबलावर ठेवायचा कॉम्प्युटर सांगून राहिले," ती म्हणाली. "पण मला टेबलच नाही ना!"

मी म्हटलं, म्हणजे?

हॉस्टेलच्या खोलीत चौघी. चार कॉट, दोन खुर्च्या आणि टेबल एक, तेही सीनियर मुलीचं. ही कॉटवर बसून अभ्यास करणार. दर शनिवारी एस.टी.ने पन्नासेक किलोमीटर घरी, बहुतेक वेळा उभ्याने, पाठीवर सॅक. चाळीस हजारांची वस्तू त्या खोलीत ठेवली तर आंघोळीलासुद्धा जीव लागणार नाही. टॅली कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, तिथे मोठा पडदाही आहे. हिला हवं ते नोट्स वाचायला, उत्तरं लिहायला आणि अर्ज भरायला. "आणि एक वर्ष थांबायचं म्हणता, तर माझं पहिलं वर्ष तोवर होऊन जाईल काका." कर्जाचा फॉर्म तिने माझ्याकडे नीट घडी करून परत दिला. व्याजाचा दर तिला पाठ होता.

मी माझा कागद पुन्हा पाहिला. नावेच्या बाजूला लिहिलेलं सगळं खरं होतं, पण ते माझं खातं होतं. माझ्याकडे टेबल होतं, बँकेत मोठा संगणक होता, आणि नेटबुक होतं ते तिसरं. त्यात पुन्हा त्याच्यावर मी पुस्तक लिहायला निघालो होतो! छोट्या संगणकांवर बहुतेक टीका अशाच टेबलवाल्यांनी केलेली आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना ते हिरवे-पांढरे 'शंभर डॉलरचे' लॅपटॉप दिले. शंभराचा भाव गाठला नाहीच, जवळजवळ दुप्पट पडला, आणि आमच्या सरकारने ती योजना आधीच नाकारलेली होती. त्या नकारात तथ्य होतं. शाळेत मास्तर एक असताना यंत्रं वीस कशाला, हा प्रश्न कारकुनालाही पडतो. पण यंत्र करणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई आणि कळांवर धूळ-पाणी न जाणारं रबर होतं. मुलगा टेबलाशी बसणार नाही, अंगणात बसणार, हे कोणीतरी आधी जाऊन पाहिलं होतं. 'आकाश'च्या वेळी किंमत आधी ठरली आणि मुलगा नंतर.

आमच्या नॅरोगेजचं काय वेगळं झालं? सावकाश आहे, डोलते, मालगाडीच्या कामाची नाही, अशी टीका आम्ही प्रवासीच खिडकीत बसून करायचो. मग मोठी लाईन टाकायची म्हणून २०१९ साली छोटी बंद झाली, आणि पुढची काही वर्षं आम्ही मोठीची वाट बघत एस.टी.त उभे राहिलो.

पोरीने तो छोटा लॅपटॉप घेतला. महिन्याने तिचा फोन आला. म्हणाली, सगळं ठीक आहे काका, पण एक्सेलमध्ये डेबिट दिसतं, क्रेडिट दिसत नाही. मी गंभीरपणे सांगितलं, "बेटा, हा यंत्राचा दोष नाही. आपल्या वर्गाला असंच दिसतं."

त्याच आठवड्यात मामा पुन्हा काउंटरला आले. महिना दोनशेची नवीन आर.डी. उघडायची होती. मी पेनला टोपण लावलं, खुर्ची मागे घेतली आणि विचारलं, "आता मोठा घ्यायचा का, मामा?"

"न्हाई जी," मामा म्हणाले. "टेबल."

सल्ला त्यांनी मागितला नाही. मी टोपण काढलं आणि फॉर्म भरायला घेतला.