नरकातील तेजोमंडल : ब्लेकचे एक जलरंगचित्र

काव्यावरून चित्र काढणारा चित्रकार म्हणजे कवीचा लेखनिक, असा समज सर्वत्र रूढ आहे. विल्यम ब्लेकचे ‘प्रेमिकांचा झंझावात’ हे चित्र या समजाला छेद देते. जॉन लिनेल या चित्रकारमित्राच्या सांगण्यावरून ब्लेकने १८२४ मध्ये दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वर चित्रे काढावयास घेतली. १८२७ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा १०२ चित्रे मागे उरली. त्यांतील बरीच अपुरी आहेत. प्रस्तुत चित्र बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे.

प्रसंग नरकखंडाच्या पाचव्या सर्गातील आहे. फ्रांचेस्का व तिचा दीर पाओलो यांना तिच्या पतीने ठार केले. आता दोघे वादळात अनंतकाळ भिरकावले जात आहेत. त्यांची कहाणी ऐकून दान्तेला मूर्च्छा येते. त्याला करुणा येते, परंतु निवाड्याविषयी शंका येत नाही. ब्लेकला ती आली. त्याच्या चित्रात देहांचा प्रचंड आवर्त उसळतो, दान्ते भूमीवर निपचित पडला आहे, आणि व्हर्जिलच्या माथ्यावर तेजोमंडलात एक युगुल आलिंगनात आहे. हे तेजोमंडल काव्यात नाही. सुडाला न्याय मानणे ब्लेकला अमान्य होते. या मालिकेतील चित्रावरच त्याने तशी टीप लिहून ठेवली आहे.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे मज्झिमनिकायातील देवदूतसुत्त आठवते. त्यातील यातनांची वर्णने दान्तेहून सौम्य नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दीर्घकाळाने निरयाचे पूर्वद्वार उघडते, पण बाहेर पडणारा दुसऱ्याच निरयात पडतो. तथापि पापकर्म क्षीण होताच ही यातना संपते. दान्तेच्या द्वारावर आशेलाच मज्जाव आहे. आणि सुत्ताच्या अखेरीस खुद्द यमराजाच मनुष्यजन्माची, तथागताकडून धम्मश्रवणाची इच्छा धरतो. दंडाधिकाऱ्यालाच आपले आसन नकोसे होते!

ही वर्णने प्रक्षिप्त म्हणून बाजूला सारावीत, असे आपल्यातील अनेकांना वाटते. त्यामागे सबळ कारण आहे. पूर्वकर्माच्या सिद्धान्ताने दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून झटकली जाते, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे. परंतु सुत्त न वाचताच टाकले, तर यमाची ती इच्छाही टाकली जाते.

ब्लेकविषयी एक तक्रार उरते. त्याचे तेजोमंडल या एका युगुलापुरतेच आहे. आवर्तातील इतर देह, ज्यांची कहाणी कोणी विचारली नाही, ते तसेच वाहत जातात.